कोंबडीतली तुळस

काशीला गेलेलं माणूस आवडीचा एक जिन्नस तिथं सोडून येतं, ही आपल्याकडची रीत. कोणी वांगं सोडतं, कोणी आंबा. मुळात आवडतच नाही ते कारलं सोडून येणारेही मी पाहिलेत. आक्का काशीहून आली तेव्हा बाजारातल्या बायांनी तिला गराडा घातला. "काय सोडलं, आक्का?"

"सोडायचं कशाला? मी धरून आले. तिथली कचोरी धरली." असं म्हणून तिनं मूठ आवळून दाखवली. ती मूठ म्हणजे आक्का.

नाव सांगत नाही. नावाची गरजही नाही. नाशिकच्या बाजारात ती झेंडू विकायची, शेजारी मी आणि माझी बायको मेथी-कोथिंबीर घेऊन बसायचो. अशी बाई तुम्हीही कुठल्या ना कुठल्या बाजारात पाहिली असेल. गिऱ्हाईकानं हार उचलून नाकाला लावला की ही खेकसायची, "वास तूच घेतला, आता देवाला काय देतो, दोरा?" गिऱ्हाईक चिडायचं, पण हार तिच्याकडूनच घ्यायचं. आम्ही भाकरीचं फडकं सोडलं की तिचा हात न विचारता आमच्या ठेच्यात. माझी बायको म्हणायची, "आक्का, तुमचा डबा कुठंय?" "तो दुपारचा. हा आत्ताचा."

मग माझी बायको गेली.

शेवटी तिच्या तोंडात तुळशीचं पान आणि गोदावरीचं पाणी मीच घातलं. पाणी गालावरून ओघळलं. पान ओठावर तसंच चिकटून राहिलं. तेव्हापासून तुळशीचा वास आला की मी तिथून उठायचो. दारातली तुळस उपटली नाही, तिनं लावलेली होती. पण मी मागल्या दारानं ये-जा करू लागलो. जेवण तर नावालाच राहिलं. चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली की सुनेला म्हणायचो, माझं ताट उचल.

आमच्या शेतकरी गटाची बँकॉकची सहल आधीच ठरलेली होती, तिथला फूलबाजार बघायला. त्यात आम्हा नवरा-बायकोचं आणि आक्काचं नाव होतं. मी म्हटलं, मी येत नाही. आक्का येऊन पायरीवर बसली.

"माझी पिशवी कोण धरील?"

"दुसरा कोणी बघ."

"दुसऱ्याच्या ताटात हात घालता येत नाय मला. ऊठ."

गेलो. तिथला झेंडू बघून आक्का खूश. पण जेवणाची वेळ झाली की सहलीचे साहेब आम्हाला एकाच जागी नेत. अमेरिकन बर्गरचं दुकान, गार हवा, चकचकीत फरशी. साहेब म्हणायचे, "इथं चव ठरलेली असते. बाहेर काय किडे-मुंग्या खातात, पोट बिघडेल." विंचूरचा एक कांदेवाला आमच्यात होता, तो मिटक्या मारत म्हणाला, "लय भारी! नातू नाशकात कॉलेज रोडला खातो तेच हाय."

आक्कानं पाव उघडून आत पाहिलं. "कॉलेज रोडचंच खायचं तर इमानात कशाला बसले मी? आन् कांद्याची चकती एकच? विंचूरकर, तुमच्या गावाची एवढीच किंमत व्हय?"

पहिल्या दिवशी तिनं ते खाल्लं. दुसऱ्या दिवशी आपला पाव विंचूरकरापुढं सरकवला आणि माझ्याकडं वळून उभी राहिली. "भाऊ, चल."

साहेब आडवे आले. "आक्का, तुम्हाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी. पोट माझं हाय, तुमच्या हापिसाचं नाय."

कोपऱ्यावर एक बाई गाडी लावून उभी होती. कढईत लसूण-मिरचीचा ठसका, त्यात कोंबडीचा खिमा. आक्कानं बोटानं दाखवलं, दोन ताटं. त्या बाईनं शेवटी हिरव्या पानांची एक जुडी ओरबाडून कढईत टाकली. आक्कानं एक पान उचलून चोळलं, हुंगलं.

"तुळस हाय की गं ही!"

मागनं विंचूरकर बघायला आलाच होता. तो कानाला हात लावून ओरडला, "कोंबडीत तुळस? आक्का, पाप लागंल!"

माझ्यापर्यंत वास आला. मी भिंतीला टेकलो. "आक्का, मला नाही जमायचं. हेच पान मी तिच्या तोंडात…"

मग भात, खिमा, वर तळलेलं अंडं असं ताट आक्कानं माझ्या हातात दिलं.

"आपण तुळस कधी घालतो तोंडात? दात हलत नाय तवा. ही बाई जित्या माणसाच्या ताटात घालती. तुझे दात हलत्यात ना? मग चाव."

मी चावलं. पान आधी तिखट लागलं, मग गरम, मग नुसतं चांगलं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. विंचूरकराला म्हटलं, मिरची फार आहे. अख्खं ताट संपवलं आणि दुसरं मागितलं. आक्कानं त्यातही हात घातला. विंचूरकरानं शेवटी नुसता भात मागितला, पण त्यावर रस्सा घ्यायला विसरला नाही.

परत आल्यावर बायांनी विचारलं, "काय धरलं?" आक्का म्हणाली, "कोंबडीतली तुळस." निम्म्या बाजारानं गालात मारून घेतलं. मी जेवू लागलो, पुढच्या दारानं येऊ लागलो, तुळशीला पाणीही घालू लागलो. फक्त पान खुडायला हात धजत नव्हता.

यंदा आक्का आजारी पडली ती उठलीच नाही. सगळे जमले तेव्हा तिच्या थोरल्यानं तुळस-पाण्याची वाटी माझ्यापुढं धरली. "काका, तुम्ही घाला." मी पान तिच्या तोंडात ठेवलं.

आक्कानं एक डोळा किलकिला केला. "नुसतं पानच?"

बाया म्हणाल्या, वात झाला, बरळतेय. मी मोठ्यानं हसलो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बघू दे. मी आक्काकडं बघत होतो. ती ते पान चावत होती.

तिचा दहावा झाल्यावर घरी आलो, दारातल्या तुळशीची मूठभर पानं खुडली आणि सुनेपुढं ठेवली. "आज कोंबडी कर. ही वरून घाल."

"अहो मामा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. लय बोलले तर त्यांना जेवायलाच बोलव."