आठ भागिले तीन

हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरच्यांना ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघतो.

सुरुवात कुठून करू? आमच्या नवागामच्या गल्लीत मला ‘शिकेल पोऱ्या’, म्हणजे शिकलेला पोरगा, म्हणतात. आमचे लोक खानदेशातून सुरतेला आले ते कापडाच्या लूमवर काम करायला. वडील लूमवर, नाना — म्हणजे माझे मोठे काका — तेही लूमवर. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. त्यामुळे औषधाची चिठ्ठी माझ्याकडे येते, बँकेचा मेसेज माझ्याकडे येतो, शाळेची नोटीस माझ्याकडे येते. ते विचारतात आणि मी सांगतो. ‘मला माहीत नाही’ असं मी घरात शेवटचं कधी बोललो? आठवत नाही. कसं बोलणार? कॉलेजात पाठवलंय ना मला.

पण कॉलेजात मी कोण होतो, हे घरी कुणाला ठाऊक होतं? बी.एस्सी.च्या पहिल्याच सेमिस्टरला मला केमिस्ट्रीत एटीकेटी लागली. तोंडी परीक्षेत मॅडमनी अगदी साधा प्रश्न विचारला आणि मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. मागची मुलं गुजरातीत काहीतरी बोलून हसली. घरी सांगितलं, पास झालो. — हे मी कारण म्हणून सांगत नाही. की सांगतोय? तसं वाटलं तर हा परिच्छेद सोडून द्या.

दीपाली नानांची मोठी मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारावी सायन्सला ती एका विषयात राहिली, केमिस्ट्रीत. पूरक परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि नाना भरू देत नव्हते, कारण कडोदऱ्याचं एक स्थळ आलं होतं. शेवटी माझी आई मध्ये पडली. तोडगा निघाला तो असा की मी तिला काही दिवस शिकवायचं आणि मग मीच सांगायचं, पोरीला जमेल की नाही. मी म्हणेन ते नाना ऐकतील.

मी म्हणेन ते. तुम्हाला कळतंय ना, माझ्या हातात काय दिलं होतं?

मी शिकवायला लागलो. म्हणजे जे मला पाठ होतं ते तिच्याकडून पाठ करून घ्यायला लागलो. ऑक्सिडेशन नंबर वाढला तर ऑक्सिडेशन, कमी झाला तर रिडक्शन. सुट्या मूलद्रव्याचा शून्य, ऑक्सिजनचा बहुतेक उणे दोन, हायड्रोजनचा बहुतेक अधिक एक. मी स्वतः ट्युशनमध्ये असंच शिकलो होतो. अवघड काही आलं की सर म्हणायचे, ‘आ नहीं पूछाय’ — हे विचारणार नाहीत — आणि आम्ही सगळे खूश होऊन पुढे जायचो. दीपाली पुढे जात नव्हती. ‘बहुतेक म्हणजे काय, दादा? कधी नाही?’ असं विचारायची. बारावीत नापास झालेली मुलगी असं का विचारते, याचा मला राग यायचा.

त्या दिवशी नानांना सुट्टी होती. ते खाटेवर आडवे होऊन ऐकत होते. आई भाजी निवडत होती. मी दीपालीला एक अभिक्रिया दिली. लालभडक तापलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ गेली की लोखंडाचं ऑक्साइड बनतं आणि हायड्रोजन सुटतो. ऑक्साइडमध्ये तीन लोखंड, चार ऑक्सिजन. ऑक्सिडेशन कुणाचं, रिडक्शन कुणाचं, ओळख.

तिने साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडलं. हायड्रोजन अधिक एकवरून शून्यावर उतरला, म्हणजे रिडक्शन. बरोबर. लोखंड शून्यावरून वर चढलं, म्हणजे ऑक्सिडेशन. तेही बरोबर. तिथे थांबली असती तर? पण तिला किती चढलं तेही काढायचं होतं. चार ऑक्सिजनचे मिळून उणे आठ. मग तीन लोखंडांचे मिळून अधिक आठ. मग एकाच्या वाट्याला — आठ भागिले तीन.

“दादा, अपूर्णांक आला.”

मी ते कधी सोडवलंच नव्हतं. मला फक्त उत्तर पाठ होतं.

“चुकलीस,” मी म्हणालो. “ऑक्सिडेशन नंबर अपूर्णांकात येत नसतो.”

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग पुठ्ठ्याकडे बघतच हळू म्हणाली, “इलेक्ट्रॉन काही तुकड्याने जाणार नाही. मग तिन्ही लोखंडं सारखी नसतील. दोघांचे तीन-तीन, एकाचे दोन. झाले ना आठ?”

“वा गं वा!” मी मोठ्याने म्हणालो, नानांना ऐकू जाईल असं. “लोखंडात पण थोरला-धाकटा असतो का? आता त्यांची लग्नं लाव एकेकाची!”

नाना खदाखदा हसले. आई हसली. दीपालीही हसली, सगळे हसतात म्हणून हसावं लागतं तशी. मी लाल पेनाने तिचा पुठ्ठा या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडला.

तेवढ्यात खाली नळाला पाणी आलं आणि ती हंडा घेऊन गेली. मी अकरावीचं पुस्तक उघडलं. नियम काढून तिच्या पुढ्यात ठेवायचा होता, म्हणजे ती गप्प बसली असती. आणि त्यातच ते होतं. सरांनी सोडायला सांगितलेलं पान. तेच ऑक्साइड. तीनपैकी दोन लोखंडं अधिक तीन, एक अधिक दोन. आठ भागिले तीन ही फक्त सरासरी.

तिने ते कुठे वाचलं नव्हतं. बसल्या जागी काढलं होतं.

ती खाली बायकांशी बोलत होती, आवाज वर येत होता. एक हाक पुरली असती. नाना उठून बसले. हसू अजून ओठांवर होतं त्यांच्या.

“भाऊ, तू शिकेल शे. खरं सांग — इले जमी का?”

इथे मी नेहमी थांबतो. मनात सुद्धा.

मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, “पायाच कच्चा शे, नाना. नही जमाव.”

असं समजू नका की मी गोंधळलो होतो. ती पास झाली असती तर माझ्याच कॉलेजात आली असती आणि आठ दिवसांत तिला कळलं असतं की दादाला काही येत नाही. ही भीती होती, खरी आहे. पण नुसती भीती नव्हती. तिचं उत्तर चुकलं असतं ना, तर कदाचित मी ‘जमेल’ म्हणालो असतो. बरोबर होतं म्हणून ‘नाही’ म्हणालो. आणि म्हटल्यावर मला — कसं लिहू — बरं वाटलं.

फॉर्म भरला गेला नाही. ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायला लागली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी मला म्हणाली, “दादा, तू वेळेवर सांगितलंस ते बरं झालं. उगाच परत नापास झाले असते.” मी मंडपवाला आला का, म्हणून विचारलं. नंतर एकदा तिच्या सासरी आलेल्या एका पाहुणीने, सून किती शिकली म्हणून माझ्यासमोर विचारलं, तेव्हा दीपालीच म्हणाली, “मला डोकंच नाही हो. डोकं आमच्या दादाला.” मी चहा छान झालाय म्हणालो.

ती सुखी आहे का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

आता तिची धाकटी बहीण रोशनी अकरावी सायन्सला आहे. दीपाली माहेरी आली होती तेव्हा तिला स्वतः माझ्याकडे घेऊन आली. “दादा सांगेल तेवढं लिहायचं,” तिने माझ्या देखत तिला बजावलं. “मधेमधे आपलं डोकं चालवायचं नाही. माझं तसंच झालं.”

रोशनी दर रविवारी येते. मी आता नीट वाचून शिकवतो, एकही पान सोडत नाही. काही विचारायचं आहे का, असं दर वेळी विचारतो. ती म्हणते, “नाही, दादा.” गेल्या रविवारी मी मुद्दाम पाण्यातल्या ऑक्सिजनचा नंबर उणे दोनऐवजी अधिक दोन लिहिला आणि थांबलो. तिचं पेन थांबलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि तसाच उतरवून घेतला.