देवराईतलं पान

मित्रांनो, आज सकाळी मी आमच्या देवराईच्या वाटेवर खांद्यावरचा टॉवेल पसरून उभा राहिलो आणि शहरातल्या पाहुण्यांना म्हणालो, "पिशवीतलं पान हितं टाका, मग गाडीत बसा."

झालं असं. बावधनच्या एक ताई दर रविवारी माणसं घेऊन मुळशीला येतात, झाडांखाली शांत बसायला शिकवतात. देवीची राई त्यांना मीच दाखवली. मी स्वतः तिथं रोज बसतो. आम्ही त्याला ध्यान म्हणत नाही, देवीपाशी बसणं म्हणतो. चपला बाहेर काढायच्या आणि आतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, अशी पूर्वापार रीत.

आज ताई म्हणाल्या, "प्रत्येकाने एक पान उचला, डोळे मिटून अनुभवा, आठवण म्हणून घरी न्या."

"ताई, हितलं पान बाहेर न्यायचं न्हाई. दर खेपेला सांगतोय."

"काका, गळलेलंच आहे ना! इतकं अडकू नका. सोडून द्यायला शिका."

"मग तुमी पान सोडा की!"

सगळे हसले. एकाने मला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. पानं पिशव्यांत गेली, म्हणून मी वाट अडवली.

तोंडं वाकडी करत त्यांनी पानं टाकली. ती परत झाडांखाली ठेवून मी देवीपाशी बसलो, पण मन ठरेना. हल्ली रविवारी माझं लक्ष देवीकडे नसतंच, लोकांच्या हातांकडे असतं.

ज्याला एक पान सोडवत नाही, त्याला इथली शांतता कशी मिळणार? तुम्हीच सांगा.

मघाशी ताईंना फोन केला. बसायला माझ्या शेताचा बांध मोकळा आहे, म्हणालो. राईत मात्र मी यापुढे कुणाला नेणार नाही.