तफीदाच्या अंगातला धनी

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. कैरोच्या जुन्या भागातली खिडक्या लावून घेतलेली खोली. निखाऱ्यांवर ढोलाचं कातडं तापतंय, उदाचा धूर छताला टेकलाय आणि मधोमध पांढऱ्या झग्यात तफीदा थरथर कापतेय.

झार, म्हणजे अंगात शिरलेल्या भुतांना रिझवायची ढोलावरची गाणी, गाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायकांच्या अंगातल्या या भुतांना, धन्यांना, ती गाऊन बोलवायची, कोंबडं देऊन शांत करायची आणि आल्या बाईला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप अधू झाली होती. यंदा दाढ काढल्यापासून रोज हुडहुडी भरून ताप चढायला लागला, तेव्हा धाकटी बहीण इन्साफ म्हणाली, "धनी तुझ्यावरच रुसलाय. तुझाच झार घालू."

"जन्मभर लोकांची भुतं नाचवली," तफीदा हसली, "आता माझं बघा फुकटात!"

ढोल चढला. तफीदा घुमू लागली आणि एकाएकी उजव्या अंगावर कोसळली. तोंड वाकडं झालं. बायकांनी ललकारी दिली, धनी आला! इन्साफनं तिचा उजवा हात उचलला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

इस्पितळात डॉक्टर रऊफनं यंत्राच्या काचेवर तिचं हृदय दाखवलं. झडपेला चिकटलेला एक झुपका प्रत्येक ठोक्याला उसळत होता.

"हे जंतूंचं घरटं, मावशी. यातलाच तुकडा सुटून मेंदूत अडकला. शिरेतून औषध चालू आहे, पण दुसरा कधीही सुटेल. मेंदूत रक्तस्राव नाही तोवर झडप बदलू. धोका आहे, पण थांबण्यात जास्त आहे. तिला बोलता येत नाही, होकार तुम्हीच द्यायचा."

इन्साफ बघतच राहिली. झुपका ढोलाच्या तालात नाचत होता, अगदी त्याच तालात. आणि पलंगावरून गाणं आलं. एक शब्द बोलू न शकणारी तफीदा धन्याला बोलवायचं गाणं स्पष्ट गात होती. शेजारचे रोगी उठून बसले.

"बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी उरतं," रऊफ म्हणाला.

"अर्ध्या झारातून कुणाला हलवायचं नसतं, डॉक्टर. धनी सोबत घेऊन जातो."

"इथं ठेवलीत तरी नेईलच तो."

इन्साफ उशाशी बसली. पलंगाच्या लोखंडावर बोटांनी ताल धरून तिनं त्याच चालीवर विचारलं, "नेऊ का गं तुला, झडप बदलायला?"

गाणं तुटलं. तफीदानं डाव्या हातानं तिची बोटं दाबून ताल बंद पाडला आणि मोठ्या कष्टानं ओठ जुळवले.

इन्साफनं होकार दिला. नवी झडप बसली, ताप गेला. वाचा मात्र गेली ती गेलीच, आणि मागोमाग गाणंही. पुढं कित्येक वर्षं तफीदा दारात बसून असायची. निवांत दुपारी तिच्या छातीतल्या धातूच्या झडपेची टिकटिक शेजारणींना ऐकू यायची आणि त्या भराभर पावलं उचलायच्या. तिच्या तोंडचे शेवटचे शब्द त्या पलंगावरचेच राहिले.

"ने मला. ढोल नको."