भाकर उलटेपर्यंत

आमचे हे ‘ज्येष्ठ’ नेमके कधी झाले ते मला सांगता येणार नाही. एक दिवस वाशिमच्या कुठल्याशा कार्यक्रमातून शाल-नारळ घेऊन घरी आले आणि दारातूनच म्हणाले, “आजपासून मी ज्येष्ठ अभिनेता.” मी म्हटलं, “असान. पयले पाय धुवा.” तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा कुणीतरी मुलाखतीला येतं. प्रश्न ठरलेला असतो : बोलता बोलता वाक्याच्या मध्येच तुम्ही जे थांबता, ते कुठून शिकलात? उत्तरही ठरलेलं. हे छताकडे बघतात, त्यांच्या त्या प्रसिद्ध पद्धतीनं थांबतात आणि म्हणतात, “साधना.” साधना, म्हणजे मी, त्या वेळी आतल्या खोलीत पाहुण्यांसाठी चहा गाळत असते.

आता मीच सांगते. त्यांना विचारून सांगते आहे. ते म्हणाले, “भाकरीचं सांग, कागदाचं नोको सांगू.” पण कागदाचं सांगितल्याशिवाय भाकरीचं कळणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

सत्तर साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हा हे मला पाहायला मेडशीला आले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून माझ्या वडिलांनी एक गोष्ट मनाशी बांधली होती, मुलगा असो की मुलगी, शाळेत जाणार. मी सातवी पास होते आणि ती सातवी वडील आल्यागेल्याला ऐकवत. पाहायला आलेल्या यांनी मला चालून दाखव म्हटलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. खिशातून वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला तुकडा काढला आणि म्हणाले, “हे वाचून दाखव.” कापसाच्या भावाची बातमी होती. यांनी डोळे मिटून ऐकली. मध्ये एकदा म्हणाले, “जरा मोठ्यानं.” बातमी संपली तशी डोळे उघडून सोबत आलेल्या त्यांच्या मामांना म्हणाले, “पोरगी पसंत हाय.”

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्षणाची एवढी कदर असलेला जावई मिळाला म्हणून ते पुढे महिनाभर गावात सांगत होते. मीही हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

लग्न होऊन शेलूबाजारला आले. हे तिथे आडतीवर हमाली करायचे. अंगानं उंचपुरे, आवाज असा की आडतीतून हाक मारली तर एसटीच्या थांब्यावरची माणसं वळून बघायची. त्या आवाजामुळेच गावच्या नाटक मंडळीत त्यांना जागा मिळाली होती. जयंतीला, यात्रेला, गणपतीत नाटकं व्हायची. दिवसा पोती उचलणारा माणूस नाटकात वकील व्हायचा, राजा व्हायचा, एकदा तर डॉक्टर होऊन भराभर औषधं लिहून देताना मी पाहिला. मंडळी चालवायचे ते शाळेतले एक मास्तर. ते प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे संवाद वहीच्या कागदांवर उतरवून द्यायचे. त्याला नक्कल म्हणत. बाकीचे लोक तालमीत नक्कल हातात धरून अडखळत वाचायचे. हे मात्र पहिल्या तालमीलाच सगळं पाठ करून जायचे. मास्तर इतरांना सांगायचे, “यायच्याकडून शिका काई. पोतं उचलून थकलेला मानूस, पन पाठांतर पाहा.”

पाठांतर व्हायचं आमच्या चुलीपुढे. लग्नानंतर आठवड्यातच यांनी नक्कल माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “तू वाच, मी आयकतो. धुरानं माह्या डोळ्यातून पानी येते.” मला पटलं. मी कागद मिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, भाकरी थापता थापता वाचायची आणि हे पाटावर बसून ऐकायचे. दोन-तीनदा ऐकलं की झालं. शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.

महिनाभरानं एकदा मी चूल अंगणात मांडली होती. वारा होता, धूर सगळा शेजाऱ्यांकडे चालला होता. मी म्हटलं, “आज तुमीच वाचा, मी आयकते.” यांनी कागद घेतला, घसा साफ केला आणि बराच वेळ त्याकडे गंभीरपणे बघत राहिले. कागद उलटा होता.

मी हात पुसले, कागद त्यांच्या हातातून घेतला, सरळ केला आणि वाचायला लागले. भाकर खाऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, “लायनी बहीन वाचून दाखवे. ते लगन होऊन आसेगावले गेली. मंग मी काय करतो?” तेव्हा मला तो वर्तमानपत्राचा तुकडा आठवला. माझ्या वडिलांना वाटलं होतं जावई मुलीची परीक्षा घेतोय. जावई बहिणीच्या जागी माणूस नेमत होता.

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी नवीन नाटकाची नक्कल आली आणि पुढे काय होतं ते मलाच वाचायचं होतं, म्हणून अबोला सोडला. तेव्हा यांनी एकच गोष्ट मागितली, “कोनाले सांगू नोको. मास्तरले समजलं त मले वकील कोन करन? भालदार करतीन.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकही संवाद नसलेला भालदार मंडळीत आधीच एक होता, आणि त्याला का संवाद नाही ते सगळ्यांना माहीत होतं. आडतीवर दिवसभर मान खाली घालून चालणाऱ्या या माणसाची मान वर व्हायची ती फक्त नाटकाच्या त्या फळ्यांवर. ते गेलं असतं तर यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, मी शिकवते तुम्हाला. ते म्हणाले, “मले वाचता आलं त तू कायले वाचशीन?” मीही फार आग्रह धरला नाही. का नाही धरला ते पुढे कळलं.

आता भाकरीचं. भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी लावलं, की ती उलटायची वेळ सांभाळावी लागते. कागदाकडे लक्ष देऊन चालत नाही. वाक्य कुठेही असो, मी थांबायची, भाकर उलटायची, मग पुढचं वाचायची. मला वाटायचं, वाक्यातलं थांबणं कुठलं आणि भाकरीसाठीचं कुठलं हे एवढ्या मोठ्या माणसाला कळत असेल. यांनी थांबण्यासकट पाठ केलं होतं.

पहिल्यांदा मी प्रेक्षकांत बसून पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बापाचं काम होतं. वाक्य होतं, “तू माझा मुलगा नाहीस.” हे म्हणाले, “तू माझा मुलगा...” आणि थांबले. सगळा मांडव गप्प. बायकांनी पदर तोंडाला लावले. मुलाचं काम करणारा पोरगा खरोखर घाबरला. आणि एक भाकर उलटायला लागतो तेवढा वेळ गेल्यावर हे म्हणाले, “...नाहीस.” टाळ्या थांबेनात. मी मात्र मनात म्हणत होते, अगं बाई, ही तर मंगळवारची भाकर.

दुसऱ्या अंकात तर कहर झाला. तिथलं वाचताना चुलीवर माझी भाकर करपली होती आणि ती खरवडून काढेपर्यंत मी गप्प होते. हे तेवढं सगळं थांबले. आडतीचे शेठ पुढच्या रांगेत बसले होते, ते उठून उभे राहिले. मास्तर नंतर म्हणाले की अशी ताकद फक्त मोठ्या नटात असते. मी एकदा मुद्दाम खिचडीच्या दिवशी एक अंक वाचला. खिचडीत उलटण्यासारखं काही नसतं. तो अंक सपाट गेला, आणि हे दोन दिवस माझ्यावर रुसले, “कोनी टाया नाई देल्ल्या” म्हणून. अंक सपाट का गेला ते त्यांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

तशात सिनेमावाले आले. त्यांना मेडशीकडच्या माळावर दोन दिवस काम करायचं होतं, म्हणून जागा बघत फिरत होते. त्यांच्या दिग्दर्शकांनी आमच्याकडचं नाटक पाहिलं आणि यांना बापाचं छोटं काम दिलं. एक प्रसंग, चार-पाच वाक्यं. कागद आठवडाभर आधी आला. मी चुलीपुढे वाचला, हे तयार झाले. चित्रीकरणाच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं मेडशीला उतरलो आणि माळावर गेलो. माझ्या माहेरचं अर्धं गाव आधीच तिथे जमलं होतं, वडील सगळ्यांच्या पुढे.

इतक्यात दिग्दर्शकांचा एक सहायक नवा कागद घेऊन आला. “वाक्यं बदलली आहेत, तेवढी वाचून घ्या.” यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “चष्मा घरी राह्यला.” यांना चष्मा नव्हताच. सहायक भला माणूस, त्यानं स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून यांना लावला आणि समोरच उभा राहिला. माझे वडीलही कौतुकानं पुढे सरकले. जावई आता वाचणार.

मी काही म्हणायच्या आत हेच बोलले, “मी हिच्या तोंडून आयकतो. हिले समजलं त पब्लिकले समजन.” सहायकाला ते फार आवडलं. वडिलांनाही आवडलं, इतक्या लोकांत जावयानं मुलीला मान दिला म्हणून. जीपच्या आड उभी राहून मी तीनदा वाचलं. 

वाक्यं बिनचूक आली. तरी दिग्दर्शक नाराज. “तुम्ही नाटकात थांबला होता, तसं का थांबत नाही?” यांनी पुन्हा केलं, पुन्हा सपाट. तिसऱ्यांदाही तेच. यांनी गर्दीत मला शोधलं. त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आणि मला कळलं की माझ्याजवळ चूल नव्हती, एवढंच झालं होतं.

मी कॅमेऱ्याच्या मागे, लोकांच्या पुढे जाऊन उभी राहिले. परत सुरू झालं तसे मी दोन्ही तळवे एकमेकांवर थापायला लागले, आवाज न करता. वाक्याच्या मध्यावर थापणं सोडलं आणि रिकाम्या हवेत भाकर उलटली. हे थांबले. मी हात खाली घेतला, तेव्हा पुढचा शब्द आला. दिग्दर्शक म्हणाले, “हेच पाहिजे होतं.” आईनं मला विचारलं, “हात काहून हलवत होती?” मी म्हटलं, “मुंग्या आल्या व्हत्या.”

जाताना सहायकानं वही पुढे केली. म्हणाला, पडद्यावर नाव टाकायचं आहे, तेव्हा नीट लिहून द्या. यांनी पेन माझ्याकडे दिलं, “हिचं अक्षर चांगलं हाय.” मी लिहिलं, नाव आणि आडनाव.

वर्षभरानं सिनेमा अकोल्याला लागला. आम्ही पहिल्या एसटीनं गेलो आणि बाराच्या खेळाला बसलो. सुरुवातीला नावं आली. मोठ्या नटांची एकेकटी, मग बाकीच्यांची आठ-दहा एकदम. मी यांचा हात दाबला, “ते पाहा, तुमचं.” हे पुढे वाकले. “कोनतं?” मी बोट करेपर्यंत पडदा बदलला. “गेलं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “गेलं.”

पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही. रडू येत होतं, आणि राग यांचा नाही, माझा येत होता. इतकी वर्षं माझ्याकडून वाचून घेणारं कुणीतरी आहे याचं मला सुख होतं. त्या सुखापायी मी या माणसाला त्याचं नावसुद्धा शिकवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर समोरच्या हॉटेलात बसलो. चहा आला. हे म्हणाले, “तेवढं नाव शिकव. तीनच्या खेळाले परत बसू.” मी टेबलावर थोडं पाणी सांडलं आणि बोटानं अक्षरं काढली. हे आडतीवर पोत्यांवरचे छाप लांबून ओळखायचे, तसंच बघायला लागले, कुठे गाठ आहे, कुठे शेपूट आहे. मग म्हणाले, “आता वाचून दाखव.” मी नाव वाचलं. पुढे आवाज फुटेना. ग्लासातलं पाणी प्यायले, पदरानं तोंड पुसलं, मग आडनाव वाचलं. हे डोळे मिटून ऐकत होते.

तीनच्या खेळाला नावं आली तेव्हा मी बोट केलं नाही. हे अर्धवट उभे राहिले आणि त्या वकिलाच्या, राजाच्या आवाजात त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. मग थांबले. पडदा बदलून गेला, पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तरी थांबलेलेच. आणि मग आडनाव म्हणाले.

“अवो, एवढं कायले थांबले?” मी हळूच विचारलं.

“तू थांबली व्हती ना तिथं,” ते म्हणाले, “म्या तसंच पाठ केलं.”

त्या वेळी तव्यावर काहीच नव्हतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.