डाव्या सीटचा बेल्ट

एका शुक्रवारी सासूबाई माझ्याबरोबर ठाण्याला गाडीचे सीट बेल्ट घ्यायला आल्या होत्या. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शुक्रवार म्हणजे आमच्या मानपाड्याच्या फॅक्टरीची सुट्टी... आणि सासूबाईंचं वय तेव्हा सत्तरच्या पुढे.

गाडी म्हणजे जुनी, परदेशी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. छप्पर कापडाचं. कोणीतरी भंगारात काढलेली मी घेतली आणि कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी खाली पार्किंगमध्ये ती दुरुस्त करत बसलो. माझी बायको नलू म्हणायची, "दोन सीट आहेत म्हणून बरं... एकच असती तरी घेतली असतीत तुम्ही!" पण गाडी सुरू झाल्यावर शेजारी बसायला पहिली तीच असायची.

नलू गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तेवढा काळ गाडी कव्हरखालीच होती. मेकॅनिक म्हणाला, चालवा नाहीतर विका, उभी राहून सडेल. म्हणून कव्हर काढलं, तर दोन्ही बेल्टची शिवण उसवलेली, पट्टे उन्हाने कुजलेले.

त्या काळी बेल्ट कोण लावायचं... पण या गाडीत बसलं की आपण जवळजवळ रस्त्यावरच बसतो. बेल्टशिवाय मी ती कधी बाहेर काढली नव्हती.

मी ठरवलं होतं, फक्त माझ्या बाजूचा बदलायचा. डावीकडचा आहे तसा राहू द्यायचा. तिथे आता कोणी बसणार नव्हतं... आणि कोणी बसावं असं मला वाटतही नव्हतं. हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

सासूबाई वर्षश्राद्धासाठी टिटवाळ्याहून आमच्याकडे डोंबिवलीला आल्या होत्या. "मीही येते ठाण्याला," म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना बाजारात काही घ्यायचं असेल.

स्टेशनजवळचं स्पेअर पार्टचं दुकान. मालक माझ्याहून लहान, मूळचा कोलशेतचा, बोलका. मी एक बेल्ट मागितला.

"एकच? बाजूला कोन बसत नाय का, साहेब?"

मी खिशातून पाकीट काढलं.

"मी बसते," मागून सासूबाई म्हणाल्या. "दोन काढा."

मी वळून बघितलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या... पिशवी काउंटरवर ठेवून चष्मा पुसत होत्या.

त्याने आधी दोन्ही खांद्यांवरून येणारा, रेसिंगच्या गाड्यांना असतो तसा बेल्ट काढला. खरं सांगायचं तर माझ्या मनात तोच होता. त्याने तो त्यांच्या पदरावरून लावूनच दाखवला.

"अगंबाई! दप्तर देऊन शाळेत पाठवताय की काय मला?"

मग फक्त कमरेचा. "आजी, विमानात असाच असतो."

"आणि वरचं अंग काय घरी ठेवून यायचं?"

शेवटी एका खांद्यावरून येऊन कमरेला लागणारा निघाला. सासूबाईंनी तो उजेडात धरला, साडीचा काठ बघावा तशी त्याची वीण बघितली, दोन्ही हातांनी ओढून पाहिला. त्यांची बोटं आखडलेली असायची, म्हणून बक्कल चार वेळा लावून-सोडून बघितलं.

"तुटणार नाही ना हो?"

"आजी, म्हैस बांधा याला. नाय तुटनार."

"म्हैस नाही हो, जावई बांधायचाय!"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो... बऱ्याच महिन्यांनी.

दुपारी घरी येऊन माझ्या बाजूचा बेल्ट बसवला. मग पाना घेऊन डावीकडे गेलो आणि तिथेच थांबलो. या गाडीच्या बेल्टला आपोआप गुंडाळणारं रीळ नसतं. माणसाच्या मापाने लांबी एकदा बसवायची, की तो तसाच राहतो. डावीकडचा मी नलूच्या मापाने बसवला होता, आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता.

सासूबाई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. त्या उठल्या. "थांबा, सुधाकरराव. काढायच्या आधी मी बसून बघते."

त्यांना हात धरून आत बसवलं. बक्कल त्यांनी स्वतः लावलं. त्या अगदी किरकोळ... बेल्ट आणि त्यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा राहिली.

"एवढा सैल कसा हो?"

"नलूच्या मापाचा आहे," मी म्हणालो.

त्यांनी त्या मोकळ्या जागेत हात घातला आणि तसाच ठेवला. "एवढी भरलेली होती होय माझी पोर!" त्या म्हणाल्या. "मी विसरलेच होते हो... डोळ्यांसमोर येते ती कॉटवरची. नुसती काडी."

माझंही वर्षभर तेच चाललं होतं. डोळे मिटले की सलाईन, तिची मनगटं, तो दवाखान्याचा वास... त्याआधीची नलू मला आठवतच नव्हती. ती इथे, या पट्ट्यात, मापासकट होती.

मग सासूबाईंनी बक्कल सोडलं आणि म्हणाल्या, "काढा आता हा. नवा माझ्या मापाने लावा, आणि परत जाताना मला याच गाडीतून टिटवाळ्याला सोडा."

तसं सोडलं. वाटेत त्या नलूच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या. गाडीच्या आवाजात निम्म्या मला ऐकूच आल्या नाहीत... पण मी मान हलवत होतो.

पुढे त्या सीटवर बरेच जण बसले. मेव्हणा, शेजारचे काका, पुतण्या... प्रत्येकाला मी बेल्ट सैल-घट्ट करून द्यायचो.

सासूबाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचे आभार मानायचं मला कधी जमलं नाही, आमच्यात तसं बोलणं नव्हतं. म्हणून आज इथे लिहितोय... त्या दुपारनंतर नलू मला आजारी अशी आठवलेली नाही.