शिंपीण की दीपगृह

हशमत आगा दर मंगळवारी दुपारी यायचे. हातात काळी ब्रीफकेस, अंगात उन्हाळ्यातसुद्धा कोट. बघणाऱ्याला वाटावं, विम्याचा माणूस आहे. ब्रीफकेसमध्ये असायच्या सिनेमांच्या कॅसेटी. युद्धाच्या त्या वर्षांत तेहरानमध्ये घरात व्हिडिओ ठेवणं हाच गुन्हा होता, मग कॅसेटी घरोघर पोचवणाऱ्याची काय कथा. क्रांतीच्या आधी ते लालेजार रस्त्यावरच्या एका थिएटरात सिनेमाची यंत्रं चालवायचे. थिएटर बंद पडलं, यंत्रं कुणीतरी नेली, पण ह्यांचा रुबाब काही गेला नाही. कॅसेट देण्याआधी विचारायचे, "सिनेमा चालू असताना घरात कोण बोलतं?" बोलणारं कुणी निघालं की त्या घराला नाचगाण्याचा सिनेमा मिळे. टकल्याचा नाही.

टकला म्हणजे एक परदेशी दिग्दर्शक. त्याचं खरं नाव घेताना सगळ्यांची जीभ अडखळायची, म्हणून माझ्या सासूबाईंनी, तूरान खानुमनी, हे नाव ठेवलं होतं. माणसाला घाम फोडणारे सिनेमे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, एवढ्यावर त्यांचं आणि हशमत आगांचं एकमत. त्यातला सर्वांत चांगला कोणता, यावर मात्र वर्षानुवर्षं भांडण. मी मधे बसून चहा ओतायची.

"शिंपीण," सासूबाई म्हणायच्या. "गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तिला कळतं, खुनी हाच. आणि टेप त्याच्या गळ्याभोवती. हात थरथरला की मेली. आहे का ह्याच्या तोडीचं काही?"

"दीपगृह." हशमत आगा दातांत साखरेचा खडा धरून बोलायचे. "वादळात खुनी आसऱ्याला येतो, बसतो, सूप पितो. बाकी काहीच करत नाही, खानुम. अख्खा सिनेमाभर काही करत नाही, आणि इथे आपला जीव टांगणीला. तुमची शिंपीण काय, कुणीही काढेल."

"मग काढा की तुम्ही. कोट तर घालूनच बसलाय."

"आणि टेप कोण धरणार? तुम्ही? नको, मला घरी बायको आहे."

हरणं दोघांनाही ठाऊक नव्हतं. खरं सांगते, मला ते भांडण सिनेमापेक्षा जास्त आवडायचं. बाहेर भोंगे वाजायचे, रेशनला रांगा लागायच्या, आणि आमच्या दिवाणखान्यात दोन पिकली माणसं सुपाच्या वाटीवरून हमरीतुमरीवर यायची.

आता आमच्याकडे पाहुणा उठला म्हणजे गेला, असं कधी होत नाही. खोलीत एक निरोप, दाराशी दुसरा, मग जिन्यात. "तुम्हाला त्रास दिला." "त्रास कसला, डोळ्यांवर पाय ठेवून या." आणि मनातलं बोलणं नेमकं तेव्हाच ओठांवर येतं. त्या मंगळवारी हशमत आगा खालच्या मजल्यावर पोचले होते, तरी सासूबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला शिंपीणच घेऊन या, पुन्हा बघू, म्हणजे कळेल तुम्हाला!"

खालून उत्तर आलं, "दीपगृह आणतो, खानुम. तुमचे डोळे तरी उघडतील."

मी खाली पाहिलं. तळमजल्याच्या दारात आगा सबूरी बूट काढत होते. मोहल्ल्यातल्या घरांवर नजर ठेवणाऱ्या कमिटीतला माणूस. त्यांनी वर पाहिलं, छातीवर हात ठेवून सलाम केला आणि आत गेले.

पुढच्या मंगळवारी हशमत आगा आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, सर्दी झाली असेल. त्याच्या पुढच्या मंगळवारी व्हिडिओ गाद्यांच्या ढिगात गेला आणि सर्दीचं नाव कुणी काढलं नाही. त्यांचं घर कुठे, फोन आहे की नाही, आम्हाला माहीत नव्हतं. आपला पत्ता कुणालाच द्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. विचारायचं तरी कुणाला?

"सूदाबे, मी किती मोठ्यानं बोलले होते गं?"

"नेहमीसारखंच, मादरजान."

"म्हणजे मोठ्यानं."

त्यांचं जेवण सुटलं. बेल वाजली की डोक्यावरून घेतलेली चादर सावरत उभ्या राहायच्या आणि दार मात्र मला उघडायला लावायच्या. इमामाच्या नावानं नवस बोलल्या, तोही पुटपुटत. एके दिवशी जिन्यात आगा सबूरी भेटले. अगदी अदबीनं म्हणाले, "खानुम, तुमचे ते पाहुणे हल्ली दिसत नाहीत?" सासूबाईंनी कसनुसं हसून "प्रवासात आहेत" म्हटलं. वर येऊन त्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसल्या. तो माणूस चौकशी करत होता, की आम्हाला काही बजावत होता, की नुसतं शेजारधर्मानं बोलला, हे आजही मला कळलेलं नाही. मला राग आला होता त्याचा, आणि खरं तर सासूबाईंचाही.

थंडीच्या तोंडावर, बाजारात तेंदूफळं आली त्या दिवसांत हशमत आगा आले. ब्रीफकेस नव्हती. जिना चढायला फार वेळ लागला त्यांना. खुर्चीच्या कडेवर बसले, पाठ काही टेकवली नाही. ते बघून आम्हाला समजलं, आत फटके पडलेत. मी चहा दिला, तर कप दोन्ही हातांनी धरला.

सासूबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हशमत आगा, आमच्या जिन्यातल्या बोलण्यानं झालं का हे?"

"छे छे, काय बोलता, खानुम? चौकात मोटारी तपासत होते. टॅक्सीतून उतरवलं, ब्रीफकेस उघडायला लावली. माझीच वेळ वाईट."

"खरंच?"

"तुमच्या जिवाची शपथ."

किती दिवसांनी सासूबाईंचे खांदे सैल झाले. त्यांनी पदराआड डोळे पुसावेत तसे चादरीच्या टोकानं पुसले, तेंदूफळाची बशी पुढे सरकवली आणि जुन्या ठसक्यात म्हणाल्या, "मग आता सांगा. शिंपीण की दीपगृह?"

हशमत आगांनी कप खाली ठेवला. 

"आत बसून विचार केला, खानुम. शिंपीणच. तुमचंच बरोबर होतं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "फळ घ्या ना," एवढंच म्हणाल्या.

ते गेल्यावर मी बशी उचलायला वाकले. म्हटलं, "झालं ना समाधान, मादरजान? चौकात पकडलं म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्यांनी दीपगृह सोडलं, सूदाबे," त्या म्हणाल्या. "माझं मन राखायला हरले ते, चौकाचंही तसंच. माझ्यामुळेच पकडलं त्यांना."