आमच्या साडूंचे उतारू

ज्याच्यासमोर आपल्या पणजोबांचं नावसुद्धा काढू नये असा अख्ख्या ग्वाल्हेरात एकच माणूस होता, आणि तो माझाच साडू आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती आणि माझे पणजोबा घोड्यावर होते. घोड्यावर त्यांना मीच बसवलं होतं. कंपू मोहल्ल्यात एका मुंजीची पंगत बसली होती, शेजारच्या पाटावर यजमानांचे नवे व्याही होते, आणि चार माणसांत आपलं जरा वजन पडावं म्हणून मी बोलून गेलो की आमचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून तलवार उपसून आले. शेकडो कोस तलवार उपसून कोणी येत नाही, हात भरून येतो, एवढंही मला त्या वेळी सुचलं नाही. साडू समोरच्या पानावर होते. त्यांनी पुरीचा घास खाली ठेवला, चष्मा कपाळावर नेला आणि अगदी शांतपणे विचारलं, "नर्मदा कोणत्या घाटानं उतरले?"

मी म्हटलं, फौज उतरली त्याच घाटानं. त्यावर साल कोणतं, पथक कोणाचं, घोडा घरचा की सरकारी, असे तीन प्रश्न एका दमात आले. मी अळूची भाजी मागून वेळ मारून नेली. विषय संपला असं मला वाटलं, पण दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी साडू कागद घेऊन दारात हजर. कंपनीच्या अमदानीत नर्मदेच्या घाटावर नावेतून उतरणाऱ्यांची जी यादी ठेवत, तिची ती नक्कल होती. नाव आमच्या पणजोबांचं, बापाचं नाव बरोबर, गावही बरोबर. पुढे मोडीत नोंद: माणूस एक, बैल दोन, लोणच्याच्या बरण्या सात, पैकी एक तडकलेली. फौज येऊन गेल्याला तोवर पन्नास वर्षं होत आली होती. तरीही मी चिवटपणे तलवारीबद्दल विचारलं. साडूंनी प्रामाणिकपणे यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "विळी आहे एक." स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींच्या हसण्याचा आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

साडू दरबारच्या दफ्तरातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. मोडी ते वर्तमानपत्रासारखं वाचत, आणि वर्तमानपत्र मात्र मोडीसारखं, कपाळाला आठ्या घालून. निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, नातवंडं खेळवतात, निदान सुनेशी भांडतात. साडूंनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हां दक्षिणी लोकांचे पूर्वज शोधण्याचं व्रत घेतलं. आम्ही सगळेच इथे कधी ना कधी दक्षिणेतून आलेलो, आणि प्रत्येकाचा पूर्वज घोड्यावरून आलेला. लोक सांगतात तेवढे घोडे खरोखर आले असते तर नर्मदेपासून चंबळेपर्यंत गवताची एक काडी शिल्लक राहिली नसती. त्या फौजेत आचारी नव्हता, न्हावी नव्हता, पखालवाला नव्हता, आणि असलाच तर बिचारा निपुत्रिक गेला असावा, कारण त्याचा वंशज मला तरी कोणी भेटला नाही. ते सगळे साडूंना भेटले. घाटावरच्या वह्या, राहदारीचे परवाने, छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी करून ठेवलेल्या वाटसरूंच्या याद्या, प्रयागच्या पंड्यांच्या पोथ्या, जिथे म्हणून एखाद्या माणसानं 'मी अमुक, इथून चाललो' असं लिहून ठेवलं, तिथे तिथे साडूंचं नाक पोचलेलं. नाक म्हणजे नाकच. कागद हातात आला की ते आधी हुंगत. जुन्या कागदाला एक वास असतो आणि खोट्याला दुसरा, असं त्यांचं म्हणणं. साडूबाईंचं म्हणणं असं की मुलीकडचं स्थळ आलं तरी हे आधी पत्रिका हुंगतात.

माणसांची ओळख ते नावानं करून देत नसत. "हे पावसाळ्याआधी उतरलेले," असं एकाबद्दल सांगत, आणि दुसऱ्याकडे बघून आवाज खाली आणत, "हे पुराच्या पाण्यात अडकले होते." अडकले होते ते त्याचे खापरपणजोबा, पण साडूंचा सूर असा की ऐकणाऱ्यानं त्या गृहस्थाला पंचा द्यावा. कोणी आजारी पडलं की समाचाराला सगळ्यांत आधी साडू, हातात मोसंबी आणि खिशात बोरू. पथ्यपाणी विचारून झालं की दुखणेकऱ्याच्या कानाशी वाकून, आजोळचं मूळ गाव कोणतं ते तेवढं सांगून ठेवा म्हणायचे. त्या धास्तीनं दोनतीन म्हातारे खडखडीत बरे झाले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शिंद्यांची छावणी या मोहल्ल्यात त्यांच्या घराजवळच एक बडं घराणं होतं. दिवाणखान्यात ढाली, भिंतीवर मिशाळ तसबिरी. मुलाच्या लग्नात वंशावळ वाचून दाखवावी म्हणून त्यांनी मोठ्या मानानं साडूंना बोलावलं. साडूंनी चार महिने खपून वंशावळ काढली आणि भर मांडवात खणखणीत आवाजात वाचली. मूळ पुरुष शिंपी निघाला, फौजेचे तंबू शिवणारा. यजमानांचा चेहरा पाहून साडूंना खरोखरच कळेना की काय झालं. त्यांनी धीर देण्यासाठी म्हणून सांगितलं, "अहो, तो नसता तर तुमचे सरदार झोपले असते कुठं?" तेव्हापासून लष्करात कुठेही कार्य असलं की साडूंच्या शेजारी एक माणूस मुद्दाम बसवत, त्यांचं तोंड रिकामं राहू नये म्हणून. ते काम बहुधा माझ्याकडे येई. जिलब्या वाढून वाढून माझा हात इतका बसला की आचारी मला आपल्यातलाच समजू लागले, आणि बरण्यांचा इतिहास पाहता त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

बरं, हा माणूस कोणाचा दर्जा बघून काम करील तर शपथ. स्टेशनाजवळच्या पडावावरच्या एका टांगेवाल्यानं एकदा सहज चेष्टेत म्हटलं, "पंडितजी, सबके बाप-दादा निकालते हो, एकाध हमारा भी निकाल दो." साडूंनी ते मनावर घेतलं. चार महिने शिंप्यासाठी खपले होते, टांगेवाल्यासाठी पाच खपले, आणि त्याचा पूर्वज फौजेच्या घोड्यांना खरारा करणारा मोतद्दार म्हणून दक्षिणेतून आल्याची नोंद त्याच्या हातात ठेवली. मग काय विचारता. या शहरात खरोखर घोड्याबरोबर आलेला खानदानी पुरुष हा एकटाच, असं साडू ज्याला त्याला सांगू लागले, आणि टांगेवाला मला स्टेशनासमोर भर गर्दीत हाक मारू लागला, "आइए, बरनीवाले मास्टरसाब."

अशा माणसाला लोक मागून नावं ठेवायचे, आणि त्यांत सगळ्यांत नेमकं ठेवायचे ते हे, की सगळ्या गावाचे पूर्वज काढतो आणि याचा स्वतःचा आजा कुठाय? ते खरं होतं. साडूंचे आजोबा पागेत कारकून होते. बंडाच्या धामधुमीनंतर चारपाच वर्षांनी एके सकाळी, काशीला जाऊन येतो, असं सांगून लोटा घेऊन निघाले ते परत आले नाहीत. घरच्यांनी शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली. मग पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, सुतक धरलं, आणि त्याच दिवशी साडूंच्या आजीच्या बांगड्या फुटल्या, न्हावी आला, अंगावर विधवेचं तांबडं आलवण आलं. साडूंनी आजी पाहिली ती तशीच. हळदीकुंकवाच्या दिवशी तिला मागच्या खोलीत बसवत, आणि हे तिच्याजवळ बसून भिजवलेले हरभरे खात. ते दहा वर्षांचे असताना ती गेली. तिनं या नातवाला एकच गोष्ट सांगून ठेवली होती. आजोबा गेले त्याच्या दोन दिवस आधी चुलीशी भांडण झालं आणि तिच्या हातची तापलेली सांडशी त्यांच्या डाव्या भुवईला लागली. माणूस आपल्यामुळे गेला असं ती मरेपर्यंत मानत होती.

दर पितृपक्षात प्रत्येकाच्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या तिथीला पान मिळतं. ज्यांची तिथी ठाऊक नाही ते सगळे अमावास्येला. एका अमावास्येला साडू मला म्हणाले, "माझा आजा बेवारशांच्या पंगतीत जेवतो, मास्तर. मला त्याची तिथी पाहिजे. बस, इतकीच." जिलबीचं ताट नसताना हा माणूस इतका हळू बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

काशी झाली, प्रयाग झालं, कुठे नाव नाही. मग कोणीतरी सांगितलं की त्या काळी काशीच्या घाटावरून भरतीवाले माणसं कलकत्त्याला नेत आणि तिथून जहाजात घालून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर पाठवत, आणि जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, जात आणि अंगावरची खूण लिहिलेली असे. हे ऐकून साडूंच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आवडली नाही, कारण कलकत्त्याला पत्रं इंग्रजीत लिहावी लागणार होती आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. माझं इंग्रजी वाचून कलकत्त्याचं ऑफिस वर्षभर गप्प बसलं. मग उत्तर आलं की या नावाचा ग्वाल्हेरचा ब्राह्मण आमच्या याद्यांत नाही. साडू आठ दिवस ते उत्तर हुंगत बसले. नवव्या दिवशी भल्या सकाळी माझ्या दारात. भरतीवाले ब्राह्मण घेत नसत, मऊ हाताचा माणूस ऊस काय तोडणार. तेव्हा आजोबांनी जात दुसरी सांगितली असणार. "नदीवरचा उतारू खरं सांगतो, मास्तर. समुद्रावरचा सांगत नाही. जात सोडा, खूण लिहा." मी खूण लिहिली. सांडशीला इंग्रजीत काय म्हणतात ते न आठवल्यामुळे नुसता 'भाजल्याचा डाग' लिहिला, आणि तेच बरं झालं, कारण यादीतही तसंच होतं. नाव तेच, बापाचं नाव तेच, ठिकाण ग्वालेर, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. साडूंनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

पुढे दीड वर्षानं मॉरिशसहून मृत्यूची नोंद आली. आम्ही जुनी पंचांगं पसरून बसलो, इंग्रजी तारखेवरून तिथी काढली. कार्तिक वद्य षष्ठी. मी हातावर हात चोळून म्हटलं, चला साडूभाऊ, मिळाली तिथी, आजोबा एकदाचे आपल्या पानावर बसले.  साडूंचं बोट कागदावर एकाच जागी थांबलं होतं.

"तुम्ही नुसती तारीख वाचलीत," ते म्हणाले. "साल बघा. आजी याच्या आधी सात वर्षं गेली."

मला अजून उजेड पडेना. शाळामास्तराला पडतो तो उशिरानंच.

"सवाष्ण गेली हो आजी," साडू म्हणाले. भर मांडवात शिंपी वाचून दाखवणारा हा माणूस, पण हे वाक्य शेजारच्या पंचांगालाही ऐकू गेलं नसेल. मग चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले, आणि तो स्वच्छच होता.

त्या भाद्रपदात त्यांनी आजीची अविधवा नवमी करायची ठरवली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिला कुंकू लावून तिची ओटी भरतात. भटजींनी मान हलवली. नवरा जिवंत आहे तोवरच ही नवमी, आता दोघंही गेलेली, शास्त्राला धरून नाही. एरवी साडूंनी भटजींचे पूर्वज कोणत्या नावेतून आले इथपासून सुरुवात केली असती. त्या दिवशी त्यांनी फक्त मॉरिशसचा कागद पुढे ठेवला. "ती गेल्यावर सात वर्षं हा जिवंत होता. सात नवम्या आमच्याकडून चुकल्या. त्यातली एक करू द्या." भटजींनी कागद उलटा धरून नीट पाहिला, इंग्रजी असल्यामुळे सुलटा धरूनही फरक पडला नसता, आणि म्हणाले, करा.

सवाष्ण म्हणून आमच्या मंडळींना बोलावणं आलं. मला शाळा होती. संध्याकाळी घरी आलो तर ही ओट्यावर बसलेली, मांडीवर हिरवा खण आणि नारळ. मी विचारल्याशिवायच सांगू लागली की भाऊजींनी स्वतः पायांवर पाणी घातलं, ताईला कुंकू लावायला सांगितलं, आणि थोडं आणखी, थोडं आणखी म्हणत राहिले. त्या वर्षभरात त्यांनी गावातल्या कोणाचाही पणजोबा काढला नाही, पण ते पुढचं. तेव्हा मला दिसत होतं ते फक्त हिचं कपाळ. एरवी मुगाएवढं लावणारी बाई, आणि आज भुवईपासून केसांपर्यंत नुसता मळवट. मी सवयीनं बोललो. म्हटलं, देवीच्या यात्रेहून आल्यासारखी दिसतेस, शेजारीपाजारी हसतील, जरा पुसून बारीक कर.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुसायचं कसं? आजच्या दिवस ते माझं नाहीये."